वाहेदभाईंच्या कानातली शिट्टी

घाटनांदूरच्या वाहेदभाईंनी उभा जन्म पत्र्याच्या पेट्या ठोकल्या. मागच्या वर्षी त्यांच्या कानात सारखी शिट्टी वाजू लागली. कुकरची समजून ते गॅस बंद करत आणि डाळ कच्ची राही. शेवटी बायको शहजादीनंच त्यांना अंबाजोगाईला कानाच्या दवाखान्यात नेलं.

तपासणी करून तिथल्या श्रवणतज्ज्ञ सत्यशीलाताई म्हणाल्या, "ठोकाठोकीनं ऐकू येणं कमी झालंय, म्हणून ही शिट्टी. ती कदाचित पूर्ण जाणार नाही, पण सवयीनं तिच्याकडं लक्ष जाणं कमी होईल."

त्यांनी कानाचं मशीन दिलं आणि ठोकताना ते काढून इअरप्लग घालायला सांगितलं. हळूहळू वाहेदभाई गिऱ्हाइकांशी पुन्हा हसू-बोलू लागले.

परवा शहजादीनं विचारलं, "शिट्टी गेली का?"

"हाय की," ते हसत म्हणाले, "पण तुझ्या गप्पांत तिला इचारतंय कोण?"