अक्कांचे चिंचोके

जयनगरात आम्ही नवे होतो आणि शेजारच्या अक्का मला असह्य व्हायच्या. रोज दिवेलागणीला त्या मातीच्या अंगणात चिंचोके उधळायच्या आणि गल्लीतल्या पोरांवर ओरडायच्या, "वेचा रे, बेग बेग, लवकर!" पोरं वेचत असेपर्यंत यांच्या येरझारा चालू. मग एकेकाची मूठ उघडून चाचपायच्या. मला वाटायचं, म्हाताऱ्या बाईला काहीतरी चाळा हवा.

एका संध्याकाळी माझ्या लेकीची मूठ रिकामी निघाली. अक्का तरातरा माझ्या दारात आल्या. "पोरीला अंधारात दिसत नाही. उद्याच डॉक्टरकडे ने. रातांधळेपणा अंगावर काढलास तर डोळे जातील."

मी फणकारले, "आमच्या घरी खायला कमी नाही, अक्का." पण पोर ताकभाताशिवाय कशालाच तोंड लावत नव्हती, हे खरं होतं.

डॉक्टरांनी औषध दिलं. अक्का रोज शेवग्याचा पाला आणून द्यायच्या, "स्वल्प तरी घाल गं." महिन्याभरात लेकीची मूठ भरू लागली.

त्या आनंदात एकदा चिंचोके मीच उधळले, जरा लवकरच. अंगणात अजून ऊन होतं. चिंचोके अक्कांच्या पायाशी पडले होते आणि त्या माझ्याकडे तोंड करून विचारत होत्या, "अगं, टाकलेस का?"