गुरुवारची फाईल अकोल्याला

बी पेरावं लागतं, तण आपोआप येतं. ऑफिसातले किस्सेही तसेच. कोणी लावत नाही, पण दोन हंगाम गेले की पाय ठेवायला जागा राहत नाही. आमच्या सोसायटीत कॉम्प्युटर आल्यापासून तर विचारूच नका!

सोसायटी फुलवाल्यांची. झेंडू, शेवंती, निशिगंध. ऑफिस अमरावतीला, डेपो अकोल्याला. अध्यक्ष मी. शाळा चौथीपर्यंत, पण वाचल्याशिवाय सही करत नाही. अकोल्याचा डेपो गुलाबराव सांभाळतो. आधी तो अमरावतीलाच, माझ्या समोरच्या खुर्चीवर बसायचा. उभं आयुष्य आम्ही एका टेबलावर भांडलो. बायको गेल्यावर तो मुलाकडे अकोल्याला राहायला गेला.

*

कॉम्प्युटरचं काम मोनालीकडे. पोरगी हुशार. फुकट मिळणाऱ्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये तिनं चांगली स्क्रीन बनवली. कोणी किती फुलं आणली, कुठल्या ऑर्डरला गेली, सगळं त्यात भरायचं. मग म्हणाली, "आता मागं डेटाबेस कोणता लावाचा, ते कमिटीनं ठरवा."

कमिटी एकमेकांच्या टोप्या पाहत बसली.

"असं समजा काका, ही स्क्रीन म्हणजे दुकानाचं काउंटर. माल मागं गोदामात. काउंटर हेच राहते. गोदाम कुठं ठेवाचं तेवढं सांगा. सगळं एका फाईलमध्ये ठेवू, नाहीतर आपल्या ऑफिसात सर्व्हर लावू, नाहीतर इंटरनेटवर दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवू."

देवराव कमिटीतला सगळ्यात जुना माणूस. तो खाकरला. "म्हणजे बैल आपला, गोठा दुसऱ्याचा, अन् भाडं बी आपणच द्याचं?"

इंटरनेटचा विषय तिथंच संपला!

*

सर्व्हरला वेगळी मशीन लागणार होती. म्हणून फाईल घेतली. एक अमरावतीला, तिचीच कॉपी अकोल्याला.

लग्नसराई आली. देवरावच्या वावरातला झेंडू मी माझ्या फाईलमध्ये बडनेऱ्याच्या लग्नाला लावला. तोच झेंडू गुलाबरावनं त्याच्या फाईलमध्ये अकोल्याच्या लग्नाला लावला. दोघांच्याही स्क्रीनवर सगळं बरोबर! सकाळी देवरावच्या वावराच्या धुऱ्यावर दोन गाड्या उभ्या, आणि दोन्ही ड्रायव्हर एकाच ढिगाकडे पाहून राहिले.

देवरावनं मला फोन केला. "अध्यक्ष, फुलं एकाच मंडपापुरते हायेत. कोणत्या नवरीले नाही म्हणू?"

त्या दिवशी नियम केला. फाईल एकच. गुरुवारी ती अकोल्याला जाईल, गुलाबराव आपलं भरेल, संध्याकाळी परत येईल.

मोनाली म्हणाली, "काका, मेल करून देते ना मी."

"मेल केली की कॉपी इथं राहते. पुन्हा दोन होतात. फाईल इथून काढून हातानं जाईल. मी नेईन."

*

पेनड्राईव्ह मी रुमालात बांधून बंडीच्या खिशात ठेवायचो. एकदा मूर्तिजापूरच्या अलीकडे कंडक्टरनं हटकलं. माझा हात सारखा खिशावर. त्याला वाटलं, छातीत दुखतं.

"काय होऊन राहिलं काका? गाडी थांबवू का?"

"काही नाही. माल आहे."

"कोणता?"

मी रुमाल सोडून दाखवला. "पूर्ण सोसायटीची फुलं हायेत यात."

त्यानं पेनड्राईव्ह हातात घेतला, नाकाजवळ नेला आणि परत दिला. "शिळे दिसतात. वास येऊन नाही राहिला."

*

डेपोत पोचलो की गुलाबराव दारातूनच ओरडायचा, "आला का बे शंकऱ्या! तुह्यासाठी पूर्ण काम अडलं ना!"

मला सगळं जग अध्यक्ष म्हणतं. शंकऱ्या म्हणणारा एवढाच उरला आहे.

मग तो एका बोटानं भरायला बसायचा. एक नाव भरलं की चहा. दुसरं भरलं की त्या माणसाच्या आजोबाची गोष्ट. मग भाकर, ठेचा, वांग्याची भाजी. मग पुन्हा एक नाव. एकदा मोनालीचा फोन आला, "गुलाबकाका, एवढ्याशा एन्ट्र्या, दिवस कसा काय लागते?"

"बाई, फाईल जड झाली हाये. हळू उघडते."

फाईल केव्हाच उघडली होती. आम्ही शेवंतीला पाणी किती द्यावं, यावर भांडत होतो.

*

इकडे अमरावतीला त्याच्या खुर्चीवर मोनालीनं प्रिंटर ठेवला. जागा रिकामी पडून होती, तिचं बरोबर होतं.

चहा आला की मी सवयीनं म्हणतो, "साखर जास्त पडली." समोरून कोणी "तुह्या जिभेले रोग हाये" म्हणत नाही. प्रिंटर चांगला आहे. कागद भराभर काढतो. पण भांडत नाही!

*

एका गुरुवारी अकोल्याला फाईल उघडताना लाईट गेली. लाईट आली, फाईल आली नाही. मोनालीनं कशीबशी सावरली, पण बऱ्याच नोंदी गेल्या. तिनं कमिटीला सांगितलं, "आता सर्व्हरच लावा. अमरावतीला सर्व्हर, अकोल्याहून नेटवरून भरता येते. स्क्रीन हीच राहते. कोणाले जा-ये कराचं काम नाही."

शेवटचं वाक्य तिनं मला खूश करायला म्हटलं होतं.

ठराव मीच मांडला. सोसायटीच्या भल्याचं होतं. सगळ्यांनी हात वर केले. गुलाबराव फोनवर होता. देवरावनं विचारलं, "गुलाब, तुहा हात वर हाये का?"

"हाये," तो म्हणाला. "पण दुखून राहिला."

पुढच्या गुरुवारी मी धुतलेलं धोतर नेसून बसस्टँडवर गेलो. अकोल्याची गाडी लागली, भरली, सुटली. मी केळी घेऊन घरी आलो. बायकोनं विचारलं, "केळ्यासाठी एवढ्या लांब?" मी म्हटलं, "तिथं चांगली मिळतात."

*

सर्व्हर चांगला चालला. मग अकोल्याचं नेट बंद पडायला लागलं. दर बुधवारी!

नेटवाला आला, तपासून गेला. लाईन ठीक. बुधवार आला, पुन्हा बंद.

"उंदीर हायेत बाई," गुलाबराव म्हणाला.

मोनालीनं वायर पाईपातून घालून घेतली. बुधवारी बंद.

"उंदीर शिकलेले हायेत."

शेवटी ती मला म्हणाली, "काका, जुनी रिकामी फाईल देते, तिथलं भरून आणा. मी सर्व्हरमध्ये टाकते. अन् पोचल्यावर मले फोन करा. वायरीतच दोष असन तर कायमचा बंदोबस्त करून टाकू."

गुरुवारी गेलो. गुलाबराव टेबलाशी संत्रं सोलत बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही. ओरडलाही नाही. मी फोन लावला.

"काका, टेबलाखाली नेटची डबी हाये. तिच्या मागं वायर पक्की बसली हाये का, पाहा बरं."

गुडघे धरून वाकलो. वायर डबीपासून वीतभर दूर पडली होती. टोक साफ. दाताची खूण कुठंच नाही. वर संत्रं सोलायचं थांबलं होतं.

"काका? बसली हाये का?"

"बसली हाये," मी म्हणालो. "चांगली पक्की हाये. लाईनचाच दोष असन. पुढच्या गुरुवारी पुन्हा पाहतो."