अण्णांना विचारलं पाहिजे

माझे सासरे अण्णा समोर आलेल्या माणसाचे आधी पाय बघत. घोडेगावच्या बाजारात तीस वर्षं बैलांची दलाली केलेली. नजरच तशी झाली होती. मला बघायला आले तेव्हा स्वयंपाक, शिवणटिपण काही विचारलं नाही. "पोरी, जरा चालून दाव," म्हणाले आणि माझ्या वडलांना सांगितलं, "बेस हाय. दम टिकंल." आई आठ दिवस धुसफुसत होती.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी माझी बदली तीन मैलांवरच्या शाळेत झाली. तिकडे एसटी नव्हती. सायकल हाच उपाय. पण गावात तोवर कुणाची सून सायकलवर बसली नव्हती. "अण्णांपुढे विषय काढू नकोस," हे म्हणाले. "जुनं माणूस. नोकरीच सोडायला लावतील." म्हणून माझ्या भावाची जुनी सायकल आणून आम्ही कडब्याच्या गंजीमागे लपवली.

तिसऱ्या दिवशी अण्णांनी ती ओढत अंगणात आणली. त्यांनी चाकं फिरवून पाहिली, सीटवर थाप मारली.

"कुणाचं हाय हे जनावर?"

"माझं."

"मंग लपीवलं कशापायी?"

"तुम्ही रागवाल म्हणून."

"मला इचारलं हुतं का कुणी?" ते खरंच दुखावले होते. "म्हाताऱ्याच्या मनातलं तुमीच ठरवायचं आन् तुमीच भ्यायचं. चल, बस!"

दुसऱ्या दिवसापासून रिकाम्या बाजारतळावर धोतराचा काचा मारून अण्णा कॅरिअर धरून माझ्यामागे धावू लागले. लोक जमत. एकजण ओरडला, "अण्णा, सुनंला कुठं पळीवता?"

"तू बी ये, तुला बी जुपतो!"

पंधरवड्यात मी सायकलवरून शाळेत जाऊ लागले. त्या रविवारी अण्णा म्हणाले, "आता मला शिकीव."

सदुसष्ट वर्षांचा माणूस! मला हसू फुटलं. अण्णा हसले नाहीत. "तू बी त्यातलीच. वय बघितलं की झालं."

मी ओशाळले. पदर खोचला आणि कॅरिअर धरलं. पहिल्याच दिवशी ते जनावरांच्या हौदात गेले. धोतर पिळत बाहेर आले नि म्हणाले, "हिला पान्याची लई वढ दिसती." महिन्याभरात एकटे केळी आणायला जाऊ लागले.

काही वर्षांनी अण्णा अंथरुणाला खिळले. डॉक्टर म्हणाले, नगरला नेऊन ऑपरेशन करता येईल, पण वय झालंय. पडवीत सगळे भाऊबंद कुजबुजत बसले. या वयात चिरफाड कशाला, त्यांनाही घरातच सुखानं डोळे मिटावेसे वाटत असतील, असं ठरतही आलं.

मी आत गेले. "अण्णा, नगरला जायचं का? ऑपरेशन करतील."

अण्णांनी पडवीकडे एकदा पाहिलं. "त्ये काय म्हनत्यात?"

"नको म्हणतात."

"त्यांचं न्हाई कापायचं," अण्णा म्हणाले. "टेम्पो बोलाव. मला अजून लई जगायचंय."

त्यानंतर ते चार वर्षं जगले.