काळी चारमधलं भजन

"कोण गाऊन राहिलं गा हे?"

दुकानात पाऊल टाकलं की बाई हे विचारायच्या, डाव्या कानावर तळवा धरून, मान जराशी तिरकी करून. सीताबर्डीवरच्या ज्या ग्रामोफोनच्या दुकानात मी नोकरीला होतो, तिथे दिवसभर काही ना काही वाजत असायचं. तेव्हा प्रश्नात नवल नव्हतं. नवल हे की त्यांचं स्वतःचं भजन लागलेलं असलं तरीही त्या हेच विचारायच्या.

"तुम्हीच की, बाई," मी म्हणायचो.

"असं म्हणता?" एवढंच म्हणून त्या बाकावर टेकायच्या आणि अंग चोरून शेवटपर्यंत ऐकायच्या.

आधी मला ती थट्टा वाटली. मग वाटलं, कौतुक करून घ्यायची ही एक रीत असेल. पुढे पुढे तर मनात आलं, बाई आपल्याला बनवत तर नाहीत? तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्याबद्दल सोमवारी मत बनवावं आणि गुरुवारी ते मोडावं लागावं.

बाई मूळच्या नागपूरच्याच. नाटक कंपनीबरोबर गेल्या, तिथून बोलपटात शिरल्या, आणि लढाईच्या दिवसांत परत येऊन सक्करदऱ्याला तलावाजवळ खोली घेऊन राहिल्या, आमच्यापासून चार घरं सोडून. किती बोलपट केले म्हणून विचारलं तर कधी पाच म्हणत, कधी नऊ. माझी बायको म्हणायची, जिला आपले सिनेमे मोजता येत नाहीत तिचं काय खरं मानायचं? मी बायकोचंही खरं मानायचो आणि बाईंचंही.

सांगायच्या मात्र झकास. सुरुवातीच्या बोलपटात नटीनेच नाचायचं, नटीनेच गायचं, आणि वाजवणारे झाडाझुडपात लपवायचे. एकदा बाई जंगलात विरहाचं गाणं म्हणत होत्या आणि तबलजी ज्या झुडपामागे बसला होता तिथे लाल मुंग्यांचं वारूळ निघालं. ठेका थांबला. बाईंनी प्रसंग ओळखून आलाप लांबवला, तो बिचारा मुंग्या झटकून परत बसेपर्यंत. पुढे थिएटरात त्या आलापाला लोकांनी टाळ्या दिल्या म्हणे. हे खरं की रचलेलं, देव जाणे.

मग गाणं आधी वेगळं भरून घ्यायची पद्धत आली. बाई तोवर अंगाने भरल्या होत्या. त्यांनी एका बंद खोलीत उभं राहून भजन म्हटलं आणि पडद्यावर ओठ हलवले एका गोऱ्या, शेलाट्या मुलीने. रेकॉर्डवर तेव्हा सिनेमातल्या पात्राचं नाव छापायचे, त्यामुळे बाईंचं नाव कुठेच आलं नाही. भजन मात्र घरोघरी गेलं. नागपुरातल्या एका मुलींच्या शाळेत तर ते रोज प्रार्थनेला म्हणत.

त्याच शाळेत गाणं शिकवायची जागा निघाली. बाईंनी अर्ज केला. शाळेचा कारभार पाहणारे वकीलसाहेब म्हणाले, नटीला मुलींपुढे उभी करायची नाही. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेने, तोड काढली. ज्या गळ्याचं भजन आपल्या मुली रोज म्हणतात तो गळा हिचाच ठरला, तर हरकत कोण घेईल? रेकॉर्ड लावा, मग त्यांना गायला सांगा.

बाईंना ती नोकरी फार हवी होती. माझ्या बायकोला त्या म्हणाल्या, "आतापर्यंत लोकं मले पाहाले आले वं. पोरी शिकाले येतीन."

मशीन मी आणतो, असं मी छातीठोकपणे सांगितलं. दुकानातली सगळ्यात मोठी मशीन टांग्यात घालून शाळेत नेली आणि चावी भरून रेकॉर्ड लावली. वकीलसाहेब पेटी जाणणारे होते. त्यांनी शाळेच्या पेटीवर पट्टी दाबून रेकॉर्डचा सूर जुळवून पाहिला आणि म्हणाले, काळी पाच.

मग बाईंनी डोळे मिटून भजन सुरू केलं. आवाज भरदार होता, संथ होता, पण पट्टी होती काळी चार, एक सूर खाली. रेकॉर्डवरचा आवाज कोवळा, बारीक, घाईत असल्यासारखा. मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

वकीलसाहेबांनी रेकॉर्डच्या पट्टीत गायला सांगितलं. बाईंनी स्वर चढवला. पहिली ओळ निभली आणि अंतऱ्याला आवाज फाटला. पुन्हा धरलं, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"गाता तुम्ही छान," वकीलसाहेब म्हणाले, "पण हा आवाज तुमचा नाही."

खरं सांगतो, त्या क्षणी मलाही तसंच वाटलं. मी रेकॉर्ड उचलून पाकिटात घातली.

टांग्यात बाईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "कोणाले ठाऊक गा भाऊ, मीच नसन त्याच्यात. मले उगाच वाटत राहिलं."

पाच-सहा दिवसांनी एका गिऱ्हाइकाची मशीन दुरुस्त केली. तपासायला हाताशी आली ती हीच रेकॉर्ड. सुई टेकवली. भरदार, संथ, काळी चार. जशा काही बाईच समोर उभ्या राहून गात होत्या.

आमच्या दुकानातल्या मशीनचा वेगाचा काटा कित्येक वर्षांपूर्वी मीच पुढे सरकवून ठेवला होता. बाजाराच्या गलक्यात गाणं उठून ऐकू आलं पाहिजे, अशी मालकांची इच्छा. मशीन पळाली की आवाज चढतो, हे धंद्यातलं पहिलं शिक्षण. पण रोज तेच ऐकून सगळ्या बर्डीला सवय झाली होती आणि मी तर साफ विसरलो होतो. स्वतःचा आवाज ओळखू येईना म्हणून बाई विचारत होत्या, की काहीतरी चुकतंय ते कळून मला शोधायला लावत होत्या? मला अजून उलगडत नाही.

तसाच सायकलवर सक्करदऱ्याला गेलो. खोलीला कुलूप. घरमालकीण म्हणाली, परवाच गेल्या, जबलपूरला. कोपऱ्यावरचा टांगेवाला म्हणाला, कलकत्त्याच्या गाडीत बसवलं मी त्यांना. शाळेत जाऊन मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता कुठे आहेत त्या?" मला फार लाज वाटली.

दुकानात आलो, काटा मागे जागेवर आणला, पुरती चावी भरली आणि भजन लावलं. बाहेर दोन माणसं थांबली. त्यातला एकजण फळीवर कोपर टेकून म्हणाला, "चावी भरा न गा. मशीन हळू चालून राहिली."

रेकॉर्ड संपेपर्यंत मी त्याच्याकडे पाहिलं नाही.