गोठ्यातलं विमान

ती घटना आठवली की आजही हसू आवरत नाही. चाकण भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. भाद्रपदी पोळ्याची सकाळ. चार कारखानदार तावातावाने आत शिरले. त्यांच्या फ्लाइंग क्लबचं सामाईक विमान शेडमधून गायब झालं होतं. दोन आसनांचं, पंख दुमडणारं, पण वेगाला भलतंच तेज.

"कुलूप फोडलेलं नाही. चावी मेकॅनिककडे असते. त्याला आत टाका, साहेब!" निगडीचा भागीदार सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता.

मेकॅनिकला सगळे चाचा म्हणत. भागीदारांनी सोबतच आणलेले ते बाकावर अंग चोरून बसले होते. "साब, चोर म्हणून काढलं तर या वयात कोण ठेवणार मला?" मी फिरवून फिरवून विचारलं. खोटं बोलणारा दर खेपेला नवं काहीतरी जोडतो. चाचांचं आपलं एकच, "पाऊस आला तर भिजेल हो ते." माझा संशय तिथेच फिटला.

एवढ्यात महाळुंग्याकडच्या एका पोलीस पाटलाचा फोन आला. "साहेब, औंदा बंदोबस्त जरा वाढवा. पोळ्याच्या मिरवणुकीत विमान हाय."

सगळ्यांना जीपमध्ये घातलं आणि निघालो. गोठ्यात विमान उभं! धुतलेलं, पाठीवर झूल, नाकाला झेंडूची माळ, पुढ्यात पुरणपोळी. शेजारी ते ओढून आणणारा ट्रॅक्टर आणि एक ताठ म्हातारबाबा. निगडीच्या भागीदाराचा चेहरा पडला; ते त्याचेच वडील. "आबा, तुम्ही?"

"मंग कोण? तुझी जादा चावी हितंच असती. बैल इकले, पोळ्याला पुजायचं काय? सामाईक बैल आळीपाळीनं एकेकाच्या दारात पुजत्यात. औंदा पाळी आपली."

मला हसू दाबता येईना. आबांनी मात्र दरडावून विचारलं, "ह्याची निगा कोण राखतं?"

चौघा भागीदारांनी चाचांकडे बोट दाखवलं.

"मंग गड्याचा मान त्याचा," म्हणत आबांनी चाचांना स्वतः फेटा बांधला आणि कासरा हाती दिला. चाचांचे डोळे भरून आले. "चाचा, चुकलो," मुलगा खाली मान घालून म्हणाला.

तक्रार मागे घेतली गेली. पुढे सामाईक मालाच्या चोरीची तक्रार आली की मीही आधी आबांचाच प्रश्न विचारायचो, निगा कोण राखतं? निम्मा तपास तिथेच व्हायचा.

त्या दिवशी मिरवणुकीत चाचा पुढे, मागे विमान आणि त्यामागे चार मालक पायी चालत होते. बंदोबस्ताला मी स्वतः उभा राहिलो.