मल्लेशप्पाची भरलेली बुट्टी

आमच्या गदगच्या भट्टी गल्लीत मल्लेशप्पाएवढा ताठ माणूस दुसरा नाही. जन्म चुरमुऱ्याच्या भट्टीपुढं गेला, त्यात अंगातला सगळा ओलावा आटला, असं गल्ली म्हणते. कुणाकडून काही घ्यायचं नाही आणि कुणाला चांगलं म्हणायचं नाही, ही दोन व्रतं त्यानं नेमानं पाळली. लग्नाच्या पंगतीत पोटाला तडस लागेपर्यंत जेवायचा आणि हात धुताना म्हणायचा, "ठीक आहे." त्या 'ठीक आहे'नं किती आचारी खट्टू झाले असतील, देव जाणे.

बाकीचा सगळा संसार त्याच्या बायकोचा, नीलव्वाचा. कुणाकडे बारसं, कुणाकडे आजारपण, कुठं काय न्यायचं, हे ती बघायची. हा नुसता तिच्या मागून चालायचा. ती श्रावणात तापाचं निमित्त होऊन गेली, तेव्हा मल्लेशप्पाला पहिल्यांदा कळलं की आपल्याला शेजारही आहे.

दुःखाच्या घरी आमच्यात चूल पेटत नाही. जेवणाची टोपली, आमची बुट्टी, गल्ली पोचवते. पहिल्याच दिवशी म्हातारा मान फिरवून म्हणाला, "मला नको कुणाचं."

माझी सासू शिवव्वा तिथंच बसली होती. ती म्हणाली, "तुला विचारलंय कुणी? गप गिळ."

गिळलं त्यानं. मग रोज कुणाच्या तरी घरची ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, भरली वांगी येत राहिली. शेजारची पारव्वा त्याचं अंगण झाडायची. गल्लीतल्या पोरांनी त्याची भट्टी बंद पडू दिली नाही. माझा नवरा सोबतीला म्हणून त्याच्या कट्ट्यावर झोपायला जायचा. त्याच्या घोरण्यात म्हाताऱ्याला स्वतःचं रडणंही ऐकू आलं नसेल, पण सोबत ती सोबत.

आता इथली एक गोष्ट सांगायला हवी. एरवी आमच्यात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, गुळाचा खडा तरी घालतात. पण दुःखाच्या घरी गेलेली बुट्टी मात्र रिकामीच परत यायला हवी. तिच्यात काही घातलं, तर त्या घरचं दुःखही तिच्यातून आपल्या दारी येतं. उपकार मानायचेही नाहीत. फेडीन म्हणालात, तर समोरच्याच्या घरी तशीच वेळ मागितल्यासारखं होतं. आम्हा बायकांना हे परकराच्या वयापासून ठाऊक. मल्लेशप्पाला कोण सांगणार? सांगणारी तर गेली होती.

विधी उरकले आणि दुसऱ्या सकाळी म्हाताऱ्यानं स्वतः भट्टी पेटवली. गरम चुरमुऱ्यांनी घरात साठलेली गल्लीतली एकूण एक बुट्टी शीग लावून भरली, हातगाडीवर रचली आणि धुतलेला सदरा घालून निघाला. पहिलं दार पारव्वाचं.

"घे. फार उपकार झाले तुम्हा सगळ्यांचे," तो म्हणाला. हे त्याच्या तोंडून निघालं म्हणजे रात्रभर घोकलं असणार.

पारव्वानं दोन्ही हात पाठीमागं घेतले. "नको अण्णा. घरात सून दिवसांची आहे," म्हणाली आणि दार लावून घेतलं.

पुढच्या दारी आतूनच आवाज आला, "घरात कुणी नाही!" तो आवाज करबसप्पाचा, त्या घरच्या मालकाचाच.

आमच्या दारात गाडी आली, तेव्हा म्हाताऱ्याचं तोंड पाहवत नव्हतं. "माझं काय चुकलं ग, गौरव्वा?" त्यानं मला विचारलं. "इतके दिवस माझा उंबरा झिजवला, आणि आज कुणी दारात उभं करेना?"

हात पुढं करायची हिंमत मलाही होईना. पण मी त्याला सगळं समजावून सांगितलं. शेवटी म्हटलं, "रिकामी बुट्टी द्यायची अण्णा, आणि काही बोलायचं नाही. एवढंच असतं."

तो आमच्या पायरीवर मटकन बसला. "तेच तर केलं की जन्मभर! नीली वाढायची, मी ताट रिकामं करायचो आणि उठायचो. एकदा चांगलं झालंय म्हणालो नाही. वाटायचं, कुठं पळून जाते, म्हणू कधीतरी. ती गेली. आता तुम्हालाही काही म्हणायचं नाही म्हणता. मग हे घेऊन मी जाऊ कुठं?"

मला रडू आवरेना. त्याचं ते ताठ डोकं इतकं खाली गेलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात आतून शिवव्वा काठी टेकत आली. "बुट्टी घरात घ्यायची नाही, खरं आहे," ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी गरजली. "रस्त्यावर बसून खायची नाही, असं कुणाच्या आजीनं सांगितलंय? पारव्वा, बाहेर ये, कांदा चिर. गौरव्वा, चिंच-गुळाचा कोळ आण. आणि करबसप्पा, घरात कुणी नसलं तर तूच ये!"

भर रस्त्यात चादर अंथरली. गल्लीतल्या सगळ्या बुट्ट्या तिच्यावर पालथ्या केल्या आणि कांदा, कोळ घालून मी चुरमुऱ्यांचं गिरमिट कालवलं. सगळ्यात आधी करबसप्पा आला, घरचं ताट घेऊन. पारव्वाच्या सुनेनं दोनदा मागून घेतलं. पारव्वा आधी घाबरली, मग सुनेच्याच ताटात जेवायला बसली. येणारे सायकलवाले उतरून बाजूनं जात होते.

मल्लेशप्पाच्या हातात पहिला घास तसाच राहिला होता. शिवव्वानं त्याला काठीनं ढोसलं. "उपकार-बिपकार नको. मघाशी जे राहून गेलं म्हणालास, ते म्हण. हिनं कालवलंय, हिला म्हण."

त्यानं घास खाल्ला. माझ्याकडे बघितलं, मग ताटाकडे.

"चांगलं झालंय," तो म्हणाला. स्वतःच दचकला. मग मान वर करून ओरडला, "चांगलं झालंय ग!"

मी त्याच्या शेजारीच बसले होते. एवढ्या मोठ्यानं बोलायची काही गरज नव्हती. पण हळू बोल, असं त्याला कुणीच म्हणालं नाही.