मला ठाऊक असलेले शब्द

शब्दकोडी करणाऱ्या माणसाला लोक हुशार समजतात. मीही समजू दिलं. वेल्ह्याच्या कचेरीत कारकून असताना मी पुण्याच्या एका साप्ताहिकासाठी कोडी करायचो. शब्द ओळखता यावा म्हणून कोड्याच्या घरांखाली जी ओळ देतात, तिला तिथं सूत्र म्हणत. माझी सूत्रं लांबलचक असतात, पण वाचायला गोड लागतात, असं संपादकांनी एकदा कार्डावर कळवलं होतं. ते कार्ड मी कचेरीत सगळ्यांना दाखवलं. ती सूत्रं येत कुठून होती, हे मात्र कुणाला सांगितलं नाही. आता अण्णा नाहीत, आईही नाही. तेव्हा सांगतो.

अण्णा म्हणजे माझे वडील. भोरच्या पेठेत त्यांचं शिलाईचं दुकान होतं. दुकान म्हणजे आमच्या राहत्या घराची पुढची खोली. कपडे ते बरे शिवत, पण गिऱ्हाईक यायचं ते त्यांच्या गप्पांसाठी. 'मास्तर, एवढी गुंडी लावून द्या' म्हणत आलेला माणूस जेवायला घरी उशिरा पोचायचा आणि बायकोची बोलणी खायचा. आई आतून म्हणायची, "अहो, गुंडीला नंतर, आधी जिभेला टाका घाला." अण्णा हसून पुढची गोष्ट सुरू करायचे.

मी त्यांच्या अगदी उलटा, घुमा. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझे कान तापायचे. म्हणून असेल, मला कोड्यांचा नाद लागला. बाद झालेल्या कागदांच्या पाठीवर पट्टीनं घरं आखायची, काही काळी करायची, उरलेल्यांत शब्द बसवायचे. एका घरात एक अक्षर, काना-मात्रेसकट. जोडाक्षर असलं तरी घर एकच. आडवा शब्द बसला की उभा अडायचा, उभा सोडवला की कोपरा बिघडायचा. हे मला जमायचं. सूत्रं जमत नव्हती. पाण्याला 'जल', कंदिलाला 'एक प्रकारचा दिवा' असलं काहीतरी मी लिहायचो. पहिली कोडी परत आली. सोबत शेरा होता, शब्दकोश आमच्याकडेही आहे.

त्याच वर्षी पावसाळा सरता सरता अण्णांच्या अंगावरून वारं गेलं. हळूहळू उजवा हात थोडा हलू लागला, पाय ओढत का होईना घरात फिरू लागले. पण शब्द गेले. सगळे नाही. 'हो', 'नाही', 'देवा', दोन-तीन शिव्या, 'मी म्हटलं', 'मग काय' हे सगळं शाबूत होतं. वस्तूंची नावं तेवढी गेली. जन्मभर हातात धरलेल्या कातरीकडे बघत बसायचे, आणि ओठ नुसतेच हलायचे. वाचायला घेतलं तर अक्षरं लागायची नाहीत.

भोरच्या डॉक्टरांनी आम्हाला बजावलं, "शब्द अडला की लगेच पुरवू नका. थांबा. त्यांचा त्यांना सापडला तर तो टिकेल." आईला हे फार जड गेलं. तोंडापर्यंत आलेला शब्द अडवायला ती पदराचं टोक दातात धरायची. मला काहीच जड गेलं नाही. गप्प बसणं मला येतच होतं.

शनिवारी कचेरी सुटली की मी वेल्ह्याहून एसटी धरायचो, नसरापूरला गाडी बदलून भोरला यायचो. अशाच एका शनिवारी अंधार पडू लागला होता. अण्णा कोनाड्याकडे हात करून म्हणाले, "ती… काच. आत जीभ. पिवळी जीभ. लई वर आली की… घर काळं करते."

"कंदील लावू, अण्णा?"

"हां. कंदील. मग काय."

वेल्ह्याला परतताना गाडीत माझ्या मांडीवर कोडं होतं, त्यात 'कंदील' होता, आणि सूत्राची जागा कोरी होती. 'काचेच्या घरात पिवळी जीभ. फार वर आली तर आपलंच घर काळं करते,' असं मी लिहिलं. ते कोडं छापून आलं. पुढचंही आलं.

इथपर्यंत माझं काही चुकलं, असं मी आजही म्हणणार नाही. चुकलं ते पुढं. मी वाट बघू लागलो.

आधी वाट बघायचो ती अण्णांना शब्द सापडावा म्हणून. नंतर शब्द सापडू नये म्हणून बघू लागलो. कोड्यात 'उंबरठा' असला की उंबरठ्याकडे बोट करून विचारायचो, "अण्णा, हे काय?" त्यांना वाटायचं, पोरगा औषधासारखं नेमानं आपल्याशी बोलत बसतो. शनिवारी ते दुपारपासून धुतलेला सदरा घालून ओट्यावर येऊन बसत, हे मला आईनं सांगितलं. घुमा पोरगा बोलायला लागला, याचं त्यांना कोण कौतुक! "बसतो," ते आल्यागेल्याला सांगायचे, "माझ्यापाशी. बसतो."

एकदा आई सुपारी कातरत होती. अण्णांना अडकित्ता हवा होता. "दे. ते. दोन पाय… चालत न्हाई. तोंडात द्यायचं, पण गिळत न्हाई. ते…" त्यांच्या कपाळावर घाम आला. हात चटईवर आपटू लागला. वस्तू आईच्या हातात होती, शब्द माझ्या तोंडात होता. मी म्हटलं, "हं, गिळत नाही. मग काय करतं?"

"अरे, सांग की आता," आई म्हणाली. "किती ताणायचं माणसाला?"

"डॉक्टर काय म्हणालेत, ठाऊक आहे ना?"

तिनं पदराचं टोक पुन्हा दातात धरलं. मी थांबलो होतो तो डॉक्टरांसाठी नव्हे. माझ्या सूत्राचा उरलेला अर्धा भाग अजून आला नव्हता. तो आला. "दोन करून… परत देतं," अण्णा म्हणाले आणि दमून भिंतीला टेकले. तेव्हा कुठं मी 'अडकित्ता' म्हटलं. वाक्य फारच सुरेख झालं होतं.

अंगुस्तानाचंही तसंच झालं. शिंपी सुई टोचू नये म्हणून बोटावर जे टोपण घालतात, ते. अण्णांचं अंगुस्तान त्यांच्या वडिलांचं होतं. ते शिलाईच्या डब्यातून काढून, तळहातावर घेऊन अण्णा कितीतरी वेळ झगडले. "बोटाची… टोपी. माझ्या बापाची. मला सैल. म्हणून आत… चिंधी." त्या दिवशी त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटतं, मी ते पाहिलंही होतं.

रविवारी मी त्यांना दाढीला घेऊन जायचो. त्या न्हाव्याच्या दुकानात साप्ताहिकातलं कोडं सगळे मिळून सोडवत. कोर्टातला एक बेलिफ बाकावर बसून मोठ्यानं वाचायचा, आणि रिवाज असा होता की, उत्तराचा पहिला मान खुर्चीत बसलेल्याचा. तो चुकला तर बाकीच्यांनी बोलायचं. पूर्वी अण्णा खुर्चीत असले की बाकावरचे लोक रुसायचे, त्यांना बोलायला काही उरायचंच नाही. आजारानंतर त्यांची पाळी आली की बेलिफ पेपर घडी करून खिशात ठेवायचा.

त्या रविवारी नवा अंक नुकताच आला होता. अण्णांच्या तोंडाला फेस लावून झाला होता. बेलिफानं सवयीनं पेपर मिटला, तर न्हावी म्हणाला, "असं कसं? मास्तर खुर्चीत हायेत. मान त्यांचा. वाचा."

बेलिफानं वाचलं, "आडवा, चार अक्षरी. बापाच्या बोटाची टोपी. मुलाच्या बोटाला सैल होते, म्हणून आत चिंधी घालून वापरतात."

कोड्याखाली नाव छापत नसत. हे माझं आहे, हे त्या दुकानात कुणालाच माहीत नव्हतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभा राहिलो.

"बोटाला टोपी?" न्हावी म्हणाला. "लिहिणारा येडा का खुळा?"

"अंगठी असंल," बाकावरून कुणीतरी म्हणालं.

"तीन अक्षरं झाली ती. आन् मान मास्तरांचा हाय, तू गप."

"अंगुस्तान," अण्णा म्हणाले.

स्वच्छ म्हणाले, न अडता. बेलिफानं अक्षरं घरांत भरून पाहिली. "बसलं! अहो, बसलं!" न्हाव्याचा वस्तरा हवेत राहिला. "मास्तर! आज बोललात की तुमी!" सगळे उठून खुर्चीभोवती आले. अण्णा फेसातून हसत होते. हसता हसता त्यांनी आरशात मला शोधलं. मी सापडलो. तोंड हसायचं थांबायला जरा वेळ लागला. डोळे आधीच थांबले होते.

मी त्यांना हात धरून घरी आणलं. ओट्याची पायरी चढताना माझ्या हातातून आपला हात सोडवून घेत म्हणाले, "तुला ठावं होतं."

"काय, अण्णा?"

"शब्द. त्या दिशी. तुला ठावं होतं."

आई पिठाच्या हातानं बाहेर आली. काय झालं ते तिला धड कळलं नाही, पण मला सावरायला तिला कळायची गरज नसे. "अहो, डाक्टरांनीच नाही का सांगितलं, शब्द पुरवायचा नाही म्हणून? तुमच्या भल्यासाठीच गप्प बसायचा तो. हो ना रे?"

अण्णा माझ्याकडे बघत होते.

"हो," मी म्हटलं.

मला आज जे लिहायचं आहे, ते एवढंच 'हो' आहे. कोड्यांचं एक वेळ विसरून जाता येईल.

त्यानंतर अण्णा माझ्यासमोर बोलेनासे झाले. इतरांशी बोलत, अडखळत, हात आपटत, पण बोलत. गल्लीतून येताना त्यांचा आवाज मला ऐकू यायचा. मी ओट्यावर चपला काढल्या की थांबायचा. मग काही हवं असलं तर बोट दाखवायचे. मी कोडी पाठवणं बंद केलं. आणि आता उलटंच करू लागलो, त्यांचं बोट उठलं रे उठलं की सुरू व्हायचो, "पाणी? पंचा? काठी? खिडकी लावू?" ते हात खाली घेत आणि भिंतीकडे तोंड करत. आईला वाटायचं, दुखणं उलटतंय. 'तू असताना जरा जास्तच थकतात बघ,' म्हणायची.

उन्हाळ्यात आई म्हणाली, "ह्यांना वेल्ह्याला यायचंय म्हणे. तू राहतोस कुठं, ते बघायचंय." मला नाही, तिला सांगितलं होतं. तरी मी त्यांना घेऊन निघालो. नसरापूरला उतरून वेल्ह्याच्या गाडीची वाट बघत आम्ही झाडाखाली बसलो. बोट दाखवायला लागू नये म्हणून तांब्याभर पाणी मी आधीच त्यांच्याजवळ ठेवलं होतं.

समोरून एक शेतकरी लांब ढांगा टाकत आला. "मास्तर! वळखलं का? कामथडीचा म्या. लग्नाचा कोट तुमीच शिवला व्हता न्हाई का माझा?"

त्याला आजाराचं काही माहीत नव्हतं. अण्णा त्याला निरखत राहिले आणि एकदम हसले. "आखूड," ते म्हणाले.

"व्हय! एक बाही आखूड! सांगा की ह्यांना, काय झालं व्हतं ते. तुमच्या तोंडूनच गंमत वाटती."

शेजारचे दोघे-तिघे सरकून जवळ आले. अण्णांनी सुरुवात केली. "लग्न… उद्या. कोट झाला. बाही आखूड. हा रडतो. मी म्हटलं, रडू नको. हात… हात घाल…"

तिथं गोष्ट अडली. शेतकरी तोंड अर्धवट उघडं ठेवून थांबला. ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. शब्द मला ठाऊक होता. बोलावं तरी चूक, न बोलावं तरी चूक. मी जमिनीकडे बघत राहिलो.

अण्णांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "सांग की."

"काय, अण्णा?"

"येतंय तुला. सांग."

"खिसा," मी म्हटलं.

"हां! खिसा. हात खिशात घाल, म्हटलं. अक्षता पडेपर्यंत… काढू नको."

"आन् म्या काढलाच न्हाई की!" शेतकरी मांडीवर थाप मारून म्हणाला. "हार एका हातानं घातला. सासरा समजला, जावई ऐटबाज हाय!" सगळे हसले. अण्णांना तर ठसका लागला. मी त्यांची पाठ चोळली. त्यांनी चोळू दिली.

गाडीत ते खिडकीपाशी बसले. घाट लागल्यावर बाहेरच्या झुडपांकडे बघून काही सांगू लागले. लहानपणी खाल्लेलं काही तरी. "आंबट. काळं. जिभेला… चिकटतं. सांग."

"करवंद?"

"न्हाई."

"जांभूळ?"

"न्हाई, न्हाई. आत… खडा."

मी आठवून आठवून नावं घेतली. एकही ते नव्हतं. अण्णा माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"तुलाबी येत न्हाई," ते म्हणाले.

"नाही येत, अण्णा."

मग त्यांनी तो पदार्थ मला पहिल्यापासून समजावायला घेतला, आणि वेल्हे येईपर्यंत आम्ही दोघं मिळून शोधत राहिलो.